ओळखीचा आवाज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी दूरध्वनीवरून मला विषय विचारला, तेव्हा मी ‘स्पीकर’ एवढेच उत्तर दिले. त्यांनी ते वक्त्याच्या रकान्यात लिहून घेतले आणि विषयाची जागा कोरी ठेवली. निमंत्रणपत्रिकेत ती कोरीच छापली गेली. तेव्हा प्रारंभीच खुलासा करतो की, आज बोलणारा स्पीकर मी असलो, तरी ज्याविषयी बोलावयाचे तोही स्पीकरच आहे. घरात संगीत ऐकण्यासाठी लहान पेटीतले, परंतु उत्तम प्रतीचे जे स्पीकर मिळतात, त्यांच्यातून निवड कशी करावी, हा आजचा विषय.

मी बी. ए. आहे आणि तोही इतिहास विषय घेऊन. भौतिकशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरता. सारी उमर केंद्र सरकारच्या फायली पाहण्यात गेली. अशा माणसाने ध्वनिशास्त्रावर बोलावे ही अनधिकार चेष्टा होय, असे कोणास वाटल्यास त्यांना मी एवढेच स्मरण देईन की, याच कलकत्ता शहरात १९०७ साली केंद्रीय अर्थखात्यातील एक तरुण अधिकारी रुजू झाला. दिवसा तो हिशेब तपासी आणि कचेरी सुटल्यावर बहूबाजारातील विज्ञानसंस्थेत जाऊन तारा आणि कातडी छेडीत बसे. पुढे १९१७ साली त्याने सरकारी नोकरी सोडून प्राध्यापकी पत्करली. तबला आणि मृदंग यांच्या शाईमुळे त्यांचा नाद सुरेल कसा होतो, आणि तानपुऱ्याच्या घोडीवरील जिवारीमुळे एका तारेतून इतके स्वर कसे उमटतात, हे त्याने १९२० आणि १९२१ साली लिहून ठेवले. त्या अधिकाऱ्याचे नाव चंद्रशेखर व्यंकट रामन. तेव्हा आमच्या खात्याची या विषयातली परंपरा जुनी आहे. मी तिचा केवळ कनिष्ठ वारस.

आता मुद्द्याकडे वळतो.

माझ्या निवृत्तीला थोडी वर्षे उरली आहेत. आयुष्यात एकदा तरी घरात चांगला स्टिरिओ असावा, ही इच्छा तरुणपणापासून मनात होती. पण आधी बहिणींची लग्ने, मग मुलांची शिक्षणे, मग घराचे हप्ते, असे करता करता ती मागे पडली. मागच्या वर्षी सौभाग्यवतींनीच विषय काढला. त्या म्हणाल्या, “आता घ्यायचे असतील तर घ्या. आईंना अजून थोडंफार ऐकू येतंय, तोवर घ्या.” माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. या मंडळाच्या जुन्या सभासदांना ती ठाऊक आहे. या वाक्याने माझ्या हौसेला मुदत लागली आणि मुदत लागली की सरकारी माणूस हलतो.

प्रथम मी तौलनिक तक्ता तयार केला. निविदा मागवावयाच्या, तांत्रिक पात्रता पाहावयाची आणि सर्वांत कमी दराच्या ‘एल-वन’ला काम द्यावयाचे, हीच आमची जन्माची सवय. मात्र या बाजारात ती पद्धत दोन्ही टोकांनी फसते. सर्वांत स्वस्त घ्यावे तर कान फसतात आणि सर्वांत महाग घ्यावे तर खिसा फसतो. अखेर चाळता चाळता माझ्यापुढे दोन नावे उरली. एक केईएफचा एलएस५० मेटा आणि दुसरा हार्बेथचा पी३ईएसआर. दोन्ही मूळच्या इंग्लिश कंपन्यांचे, दोन्ही फूटभर उंचीचे, आणि दोहोंच्याही जोडीची किंमत लाखाच्या वर. एवढ्या रकमेत माझ्या वडिलांनी या शहरात संसार थाटला होता, हे वाक्य आमच्या घरी त्या महिन्यात अनेकदा उच्चारले गेले.

या दोन पेट्यांचे कूळ एक आहे, आणि ते कूळ कळल्याखेरीज निवडीचे मर्म कळत नाही. १९७० च्या दशकात बीबीसीला एक अडचण होती. स्टुडिओबाहेरचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्यासाठी तिच्या लहान गाड्या फिरत. त्या गाड्यांत मोठे स्पीकर मावत नसत, आणि मुद्रण बरे होते आहे की नाही हे तर तिथल्या तिथे ऐकावयास हवे. म्हणून बीबीसीच्या संशोधन विभागातील अभियंत्यांनी साधारण पाच लिटर हवा मावेल एवढी बंद पेटी तयार केली. तिचे नाव एलएस३/५ए. नाव एखाद्या फाईलच्या क्रमांकासारखे आहे आणि त्याचे कारणही तेच; ते खात्यांतर्गत नावच होते. तिच्याविषयीचा अधिकृत अहवाल १९७६ सालचा. बाजारासाठी नव्हे, तर कामासाठी जन्मलेली ही वस्तू पुढे परवान्याने अनेक कंपन्यांनी बनविली आणि जगभरच्या रसिकांच्या घरी पोहोचली.

त्या अभियंत्यांची कसोटी मला फार आवडली. यंत्राने घेतलेली मापे ते पाहतच. पण त्यावर विसंबून राहत नसत. ओळखीच्या माणसाला बोलावयास लावावे, त्याचा आवाज मुद्रित करावा, आणि मग प्रत्यक्ष माणूस व पेटीतला माणूस यांची तुलना करावी. वाद्याचा नाद थोडा बदलला तर तो वाद्याचा गुण की पेटीचा दोष हे कळत नाही. परंतु रोज ज्याच्याशी बोलतो त्या माणसाचा आवाज बदलला, तर आपल्याला ते तत्क्षणी कळते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती माझ्याच घरी उपयोगी पडली.

त्या विभागातील डडली हारवुड यांनी १९७७ साली स्वतःची कंपनी काढली. आपल्या नावाचा आरंभ आणि पत्नी एलिझाबेथ यांच्या नावाचा शेवट जोडून तिला हार्बेथ हे नाव दिले. पी३ईएसआर ही त्या कंपनीची २००९ सालची लहान पेटी. दुसरीकडे रेमंड कुक हे बीबीसीतच काम केलेले गृहस्थ. त्यांनी १९६१ साली केंट परगण्यात केईएफ स्थापन केली. एलएस३/५ए च्या पोटात जे शंकू बसविले जात ते याच कंपनीचे. कंपनीच्या पन्नाशीनिमित्त २०१२ साली, त्या जुन्या पेटीचे स्मरण ठेवून, एलएस५० निघाला, आणि २०२० साली त्याची सुधारित ‘मेटा’ आवृत्ती आली. म्हणजे सुवर्णमहोत्सवानिमित्त कोणी स्मरणिका काढतात, कोणी स्पीकर काढतात. आपल्या कार्यकारिणीने पहिला मार्ग पत्करला, हे कोषाध्यक्षांच्या दृष्टीने बरे झाले.

घराणे एक, पण गायकी दोन. ती कशी, हे थोडक्यात सांगतो. स्पीकरचे मूळ तत्त्व साधे आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळली की ते मागेपुढे सरकते आणि त्याला जोडलेला शंकू हवा ढकलतो. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली हे यंत्र ज्या स्वरूपात मांडले, त्याच स्वरूपात ते आजही बहुतेक घरांत आहे. एकच शंकू खर्जही सांभाळील आणि तारसप्तकही, असे सहसा घडत नाही. म्हणून खालच्या व मधल्या स्वरांसाठी मोठा शंकू, वरच्या स्वरांसाठी लहानशी घुमटी, आणि दोघांत कामाची वाटणी करून देणारा क्रॉसओव्हर, अशी योजना असते. कचेरीतील कामवाटपाप्रमाणेच येथेही तंटे व्हायचे ते सीमेवर. एक स्वर शंकूने अर्धा म्हणावा आणि घुमटीने अर्धा, आणि दोघांची जागा वेगळी असावी, म्हणजे तो स्वर ओढाताणीत सापडतो.

केईएफने हा तंटा मिटविण्यासाठी घुमटी शंकूच्या मध्यभागी बसविली. म्हणजे सारा आवाज एका बिंदूतून निघतो आणि श्रोता थोडा डावी-उजवीकडे सरकला तरी चित्र फारसे बिघडत नाही. मेटा आवृत्तीत घुमटीच्या मागच्या बाजूस जो आवाज निघतो, तो गिळून टाकण्यासाठी चक्रव्यूहासारख्या वाटा असलेली चकती बसविली आहे. पेटी भक्कम, आणि पाठीमागे हवेसाठी तोंड. हार्बेथची रीत निराळी. शंकूखाली आणि घुमटीवर, अशी जुनी मांडणी. पेटी पूर्ण बंद. आणि तिच्या भिंती मुद्दाम पातळ ठेवून आतून लेप दिलेला. भिंत ताठ ठेवण्यापेक्षा तिचे कंपन मानवी आवाजाच्या पट्टीबाहेर नेऊन विरवून टाकावे, हा तो बीबीसीचा जुना विचार. एकाने अभियांत्रिकीचे नवे मार्ग चोखाळले, तर दुसऱ्याने गुरूचा मार्ग घासून-पुसून घेतला.

दोन्ही पेट्या लहान असल्याने दोहोंना एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. उत्पादकांच्या कागदांनुसार एकीचा खर्ज ७९ हर्ट्झपाशी आणि दुसरीचा ७५ हर्ट्झपाशी उतरणीला लागतो. आता काळी एक पट्टीत गाणारा पुरुष घ्या. त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. सारांश, तानपुऱ्याचा खर्ज या दोन्ही लाखमोलाच्या पेट्यांच्या उंबरठ्याबाहेरच उभा राहतो. तरीही तो आपल्याला ऐकू येतो, याचे श्रेय जिवारीला. त्या तारेतून मूळ स्वरापेक्षा वरचे अंशस्वरच अधिक उमटतात, आणि ते मिळाले की आपला कान मूळ स्वर मनाने पुरा करतो. ज्यांना सिनेमातले स्फोट ऐकावयाचे आहेत त्यांनी मोठी पेटी घ्यावी. गाणे आणि बोलणे ऐकणाऱ्याचे लहान पेटीवाचून अडत नाही.

कागदावरील आणखी एका आकड्याने तर मी जवळजवळ फसलो होतो. एलएस५० मेटाचा आवाज, तेवढीच वीज दिली असता, कागदाप्रमाणे दुसऱ्यापेक्षा सुमारे दीड डेसिबलने मोठा. हा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून कानाला कळत नाही. तो ‘चांगला आवाज’ म्हणून कळतो. ही कानाची खोड विक्रेत्यांना पक्की ठाऊक असते. मी ज्या दुकानात प्रथम गेलो तेथे मला दोन्ही पेट्या एकाच बटणावर, आळीपाळीने ऐकविण्यात आल्या. एक परदेशी गायिका कानात कुजबुजल्यासारखी गात होती. तिला मी आयुष्यात कधी समोर ऐकलेले नाही. तिचा आवाज खरा कसा असेल, हे मला कसे कळावे? तरीही मी दहा मिनिटांत एलएस५० च्या नावापुढे मनातल्या मनात टिकली मारली. त्याची वरची मर्यादा २८ हजार हर्ट्झ आहे, हेही मला भारदस्त वाटले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बारा-चौदा हजारांच्या वरचे बहुधा ऐकूच येत नाही, आणि त्यापलीकडचे संगीत केवळ वटवाघळांसाठी असते, ही गोष्ट मी सोयीस्करपणे विसरलो.

घरी आल्यावर मी फ्लॉइड टूल यांच्या कामाविषयी वाचले. हे गृहस्थ कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे श्रोत्यांना पडद्याआडून स्पीकर ऐकविले. पेटी दिसत असली की श्रोते तिचा आकार, तिची किंमत आणि तिचे नाव ऐकतात; पडदा आला की त्यांचे गुण बदलतात; आणि पडद्याआड आवाज सारखे ठेवले की निरनिराळ्या श्रोत्यांची मते आश्चर्य वाटावे इतकी जुळतात, हा त्या साऱ्या खटाटोपाचा निष्कर्ष. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. दोनऐवजी एकच स्पीकर लावून ऐकले, तर गुणदोष अधिक स्पष्ट कळतात. स्टिरिओच्या थाटात दोष लपतात.

तेव्हा मी ठरविले की, फेरनिविदा काढावयाची. आणि ती आपल्याच घरी.

विक्रेत्याने अनामत घेऊन एक जोडी दोन दिवसांसाठी दिली. दुसरी जोडी कचेरीतील एका बंगाली स्नेह्यांकडे होती; ती त्यांनी, आपल्या मुलीला सासरी पाठवावी तशा सूचना देऊन, माझ्या हवाली केली. आता ऐकावयाचे काय? येथे मला बीबीसीची कसोटी आठवली. ओळखीच्या माणसाचे बोलणे ऐकावे. आणि मग मला आपल्या मंडळाचे कपाट आठवले.

या कपाटात १९८४ सालच्या गणेशोत्सवाची एक कॅसेट आहे. तिच्यात गायन आहे, एकांकिका आहे, आणि शेवटी साडेचार मिनिटांचे आभारप्रदर्शन आहे. ते आभारप्रदर्शन माझ्या वडिलांचे. ते मंडळाचे अनेक वर्षे चिटणीस होते, आणि अध्यक्ष कोणीही असोत, आभार तेच मानीत. मंडपवाल्यापासून पेटीवाल्यापर्यंत कोणाचे नाव सुटत नसे. मध्येच त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वीज जाते, सभागृहात हशा पिकतो, आणि वीज परत आल्यावर ते वीजमंडळाचेही आभार मानतात. वडील रत्नागिरीकडचे. चाळीस वर्षे बंगालात काढूनही त्यांच्या बोलण्यातला कोकणी अनुनासिक शेवटपर्यंत गेला नाही. त्यांना जाऊन आता एकोणीस वर्षे झाली.

कॅसेटचे संगणकीय रूपांतर चिरंजीवांनी करून घेतले. आमच्या बैठकीच्या खोलीत दोन्ही जातींची एकेक पेटी शेजारी शेजारी, कानाच्या उंचीला येईल अशी ठेवली आणि पुढे पातळ धोतराचा पडदा बांधला. मुद्रण एकमार्गी होते. तेव्हा एकेक पेटी पुरेशी होती. मोबाइलमधील ध्वनिमापकाने दोहोंचा आवाज सारखा करून बटणावर खडूने खुणा केल्या. नाणे उडवून क्रम ठरवावयाचा, आणि तो फक्त चिरंजीवांना ठाऊक. आईला आम्ही सांगितले होते ते एवढेच की, बाबांचे भाषण दोन यंत्रांवर लावतो, बरे कोणते ते सांग. तिचे श्रवणयंत्र तिने काढून ठेवले. म्हणाली, “ह्यांचं बोलणं ऐकायला यंत्र कशाला?”

पहिल्याच वेळी ती थोडी पुढे झुकली. काही बोलली नाही. दुसऱ्या वेळी म्हणाली, “हे स्पष्ट आहे. शब्द न् शब्द कळतोय. पण हे माईकवर बोलतायत.” पुन्हा पहिली पेटी लागली तेव्हा म्हणाली, “आणि हे इथे आहेत.”

आम्ही दहा वेळा पेट्या बदलल्या. त्यांतून नऊ वेळा तिने एकाच पेटीला कौल दिला. नाणेफेकीने, कोणत्याही एका पेटीस दहांत नऊ किंवा अधिक कौल पडण्याची शक्यता शेकडा दोनच्या आसपास. म्हणजे आई अंदाजे बोलत नव्हती. धोतर सोडले तेव्हा ती पेटी हार्बेथची निघाली. दुकानात मी ज्याच्या नावापुढे टिकली मारली होती, तो स्पीकर हा नव्हे.

येथे मला थांबून एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आपण चुकीचा अर्थ घ्याल. आईने नाकारलेल्या पेटीविषयी ती जे बोलली, ते तांत्रिक दृष्ट्या अचूक होते. वडील माईकवरच बोलत होते. १९८४ सालच्या भाड्याच्या माईकचा खरखरीतपणा, सभागृहाचा घुमारा, हे सारे त्या फितीत आहे, आणि एलएस५० ने ते जसेच्या तसे समोर ठेवले. ध्वनिमुद्रण करणाऱ्या अभियंत्याला असाच स्पीकर हवा. हार्बेथने मधल्या पट्टीतला मनुष्य पुढे आणला आणि माईक थोडा मागे सारला. एकीने मला फीत ऐकविली, दुसरीने माझ्या आईला नवरा ऐकविला. दोहोंत खोटे कोणीच बोलले नाही. माझ्या मुलाने नंतर हल्लीचे एक वाद्यसंगीत लावून पाहिले, तेव्हा त्याचा कौल एलएस५० कडे गेला, आणि मलाही त्याचे म्हणणे पटले. संतूरचा एकेक ठोका हवेत आपल्या जागी उभा राहिलेला दिसत होता.

निर्णयात आणखी एक साक्षीदार होता; तो म्हणजे आमची खोली. स्पीकर विकत आणता येतो, खोली आणता येत नाही. आमची खोली ४.३ मीटर लांब आणि ३.४ मीटर रुंद. अशा खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत सुमारे ४० आणि ५० हर्ट्झचे स्वर, आणि त्यांच्या दुप्पट ८० व १०० चे, अडकून घुमत राहतात. डग्ग्याचा घुमारा नेमका या मुलखात वस्तीला असतो. त्यात पेटी भिंतीला चिकटवली की खर्ज आणखी फुगतो. पाठीमागे तोंड असलेल्या पेटीला मोकळी जागा अधिक लागते. भोक बुजविण्यास फोमचे बूच सोबत मिळते, आणि त्याने बराच फरकही पडतो. परंतु आमच्या घरी आईची खाट, देव्हारा आणि पुस्तकांचे कपाट यांतून भिंतीपासून वीतभरच जागा निघत होती. बंद पेटीचे तेथे सहज जमले. मोठ्या, मोकळ्या दिवाणखान्यात मी कदाचित दुसराच निर्णय घेतला असता.

‘बुकशेल्फ’ या नावाविषयीही सावध राहावे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसा हा प्रकार. या पेट्या पुस्तकांच्या फळीत कोंबल्या तर फळीही गाऊ लागते. दोन फुटांच्या आसपास उंचीचे भक्कम स्टँड घ्यावे, घुमटी बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत यावी, आणि दोन पेट्या व श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. जमिनीवर सतरंजी अंथरली तर मोझॅकवरून परतणारा आवाज निवळतो. या दोन्ही पेट्या वीज जरा अधिक मागतात; ऐपतीप्रमाणे पन्नास वॅटच्या आसपासचा, भारात न डगमगणारा अॅम्प्लिफायर पाहावा. तारेसाठी मात्र सोन्याच्या भावाने पैसे मोजू नयेत. घरगुती अंतराला जाड तांब्याची साधी तार पुरते. आणि जुन्या पेट्या घेणाऱ्यांनी शंकूभोवतीची कड बोटाने हळूच चाचपून पाहावी. ती फोमची असेल तर या शहराच्या दमट हवेत तिचा भुगा होतो. रबराची असेल तर ती बरीच वर्षे टिकते.

या साऱ्याचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, स्पीकर घेताना आपल्याबरोबर एक ओळखीचा आवाज घेऊन जावा. ज्याला आपण समोर बसून ऐकले आहे अशा गायकाचा, शिक्षकाचा, आजीचा. दुकानातील गाणे दुकानातच राहू द्यावे. आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी. शक्य तर डोळे मिटावेत. आणि अखेरचा कौल आपल्या खोलीत, आपल्या माणसांत घ्यावा. किमतीचा आणि नावाचा तक्ता त्यानंतर उघडावा.

आमच्याकडे हार्बेथची जोडी आली. आई रोज दुपारी हिराबाई बडोदेकर ऐकते. जुन्या तबकड्यांत वरचे स्वर मुळातच नाहीत. पण मधली पट्टी शाबूत आहे, आणि आईचे श्रवणही तेवढ्याच पट्टीत उरले आहे. दोघींचे जमते. आभारप्रदर्शन तिने त्यानंतर एकदाच लावावयास सांगितले, गणेशचतुर्थीला. पुरते ऐकून म्हणाली, “मंडपवाल्याचं नाव ह्यांनी दोनदा घेतलंय.” चाळीस वर्षे हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

जाता जाता एक विनंती. मंडळाच्या त्या कपाटात आणखी कॅसेटी आहेत. मी मोजल्या, त्या त्रेपन्न भरल्या. कित्येकांवर नावे नाहीत, काहींना बुरशी लागली आहे. फीत कायम राहत नाही. ती सुकते, चिकटते, तिचा लेप सुटतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात यांचे संगणकीय रूपांतर व्हावे, आणि ते होत असताना आपल्या ज्येष्ठ सभासदांना समोर बसवून ‘हा आवाज कोणाचा’ हे विचारून लिहून ठेवावे. यंत्रे उद्या याहून चांगली निघतील. फितीतला आवाज ती आणखी स्वच्छ करून देतील. परंतु तो आवाज कोणाचा, आणि तो असाच होता की नाही, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. या कामासाठी लागणारे यंत्र मी माझ्या खर्चाने देण्यास तयार आहे. माझ्या घरचे स्पीकरही रविवारी मोकळे असतात. फक्त दुपारी दोन ते चार सोडून.

आभार मानण्याचे काम कार्यवाहांचे आहे. मी त्यात हात घालीत नाही. मात्र मंडपवाल्याचे नाव त्यांनी एकदाच घ्यावे.